तोतरेपणा, मुलाखत आणि आत्मविश्वास

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी २४ वर्षांचा असून बार्शी तालुक्यातील एका गावातून शिक्षणासाठी पुण्यात आलो. मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी चांगल्या गुणांनी मिळाली, पण लहानपणापासून मी तोतरे बोलतो. माझे नाव 'प्र'ने सुरू होते आणि नेमके तेच सांगताना सर्वांत जास्त अडकतो. लेखी परीक्षेत निवड होते आणि मुलाखतीत नाव गळते. वडील म्हणतात, हळू बोल, घाबरू नकोस. आता घरी लग्नाचा विषय निघू लागला आहे. हे कायमचे बरे होईल का? बरे होईपर्यंत आत्मविश्वास कसा आणू? आणि पुढे माझ्या मुलांमध्येही हे उतरेल का?"

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. वयाच्या २४व्या वर्षी टिकून राहिलेला तोतरेपणा समूळ नाहीसा होईल, असे आश्वासन कोणत्याही प्रामाणिक वाक्‌-उपचारतज्ज्ञाला देता येणार नाही. मात्र अडखळण्यातला जोर कमी होणे, एका शब्दावर दीर्घकाळ अडकण्याऐवजी त्यातून सहज बाहेर पडता येणे, आणि बोलण्याचा प्रसंग आला की पोटात गोळा येण्याऐवजी "अडखळलो तरी सांगेन" असे वाटू लागणे, हे सर्व तुमच्या वयात नक्की साध्य होते. दुसऱ्या प्रश्नात तुम्ही "बरे होईपर्यंत" असे लिहिले आहे, म्हणजे आधी बोलणे सुधारेल आणि मग आत्मविश्वास येईल असा क्रम तुम्ही मनाशी धरला आहे. वाक्‌-उपचारतज्ज्ञ म्हणून माझा इतक्या वर्षांचा अनुभव याच्या उलट आहे. जे अडखळत का होईना पण बोलायला लागतात, त्यांना आत्मविश्वास आधी येतो आणि बोलण्यातील सुधारणा त्याच्या मागोमाग येते. जे अस्खलित होण्याची वाट पाहतात, त्यांचे बोलणे वर्षागणिक कमी होत जाते.

आधी हे नेमके काय आहे ते समजून घ्या, कारण तुमच्या पत्रात स्वतःला दोष देणारा सूर आहे आणि तो निराधार आहे. साधारणपणे शंभरातील पाच मुले लहानपणी कधी ना कधी तोतरे बोलतात. हे बहुधा २ ते ५ वर्षांच्या दरम्यान, मूल वाक्ये जुळवू लागते त्या काळात सुरू होते. त्यांतील बहुसंख्य मुलांचे बोलणे पुढे आपोआप किंवा उपचाराने मोकळे होते आणि प्रौढांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे एक एवढे उरते. या उरलेल्यांमध्ये स्त्रियांपेक्षा पुरुष जवळजवळ चौपट असतात. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासांत, बोलण्याचे नियोजन आणि उच्चाराच्या हालचाली यांना जोडणाऱ्या, विशेषतः डाव्या बाजूच्या मज्जातंतूंच्या मार्गांमध्ये फरक आढळले आहेत. अनुवंशाचा भागही स्पष्ट आहे. पाकिस्तानातील कुटुंबांपासून सुरू झालेल्या एका अभ्यासातून डेनिस ड्रायना या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञांच्या गटाने २०१० साली तीन जनुकांतील बदलांचा तोतरेपणाशी संबंध दाखवला. हे बदल तोतरे बोलणाऱ्या थोड्याच लोकांत सापडतात, परंतु या गोष्टीचे मूळ शरीरात आहे हे त्यातून ठळकपणे पुढे आले. म्हणून वडिलांच्या धाकामुळे, लहानपणी कुणीतरी घाबरवल्यामुळे किंवा शेजारच्या तोतऱ्या मुलाची नक्कल केल्यामुळे हे जडले, अशा घरोघरी ऐकू येणाऱ्या समजुती मनातून काढून टाका. भीतीमुळे अडखळणे वाढते हे खरे आहे, पण भीती हे त्याचे मूळ कारण नाही. तुम्ही भित्रे आहात म्हणून तोतरे बोलत नाही. वर्षानुवर्षे तोतरे बोलण्यावरून हसू ऐकले म्हणून बोलण्याच्या वेळी भीती वाटू लागली आहे.

घरच्यांना पडणारा एक प्रश्न येथेच सांगते, कारण तो बहुतेक आईवडील मला विचारतात: "गणपतीत आरती खणखणीत म्हणतो, हरिपाठाला बसला तर एक शब्द अडत नाही, गोठ्यात बैलाशी तासभर बोलतो, मग माणसांसमोरच काय होते?" यामागे सोंग किंवा हट्ट नसतो. अनेकांच्या सुरात सूर मिसळून म्हणताना शब्दांची लय बाहेरून मिळते, आणि मेंदूच्या ज्या भागाला स्वतःहून ही लय जुळवणे अवघड जाते त्याच्यावरचा भार हलका होतो. गाताना तर बहुतेकांचे अडखळणे नाहीसेच होते. प्राण्याशी किंवा एकट्याने बोलताना उत्तराची वाट पाहणारे कुणी नसते आणि वेळेचे दडपण नसते. तोतरेपणा दिवसागणिक आणि माणसागणिक बदलतो, सोमवारी सकाळी सुरळीत बोललेला माणूस त्याच दिवशी संध्याकाळी स्वतःच्या नावावर अडकतो, आणि हा चढउतार हेच या अवस्थेचे लक्षण आहे. तुमच्या वडिलांना हा परिच्छेद आवर्जून वाचायला द्या.

औषधांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तोतरेपणासाठी मान्यताप्राप्त असे एकही औषध आज उपलब्ध नाही. वेखंड उगाळून जिभेला लावणे, अक्कलकाढा मधातून चाटवणे, तोंडात खडे धरून बोलायला लावणे हे उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या केले जातात; त्यांनी अडखळणे कमी होत नाही आणि खडे तर श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. जिभेखालचा पडदा कापून घेण्याचा सल्लाही काही जण देतात. जीभ हे कारण असते तर आरती म्हणतानाही ती अडली असती. १८४१ साली बर्लिनच्या योहान फ्रीडरिश डीफेनबाख या नामांकित शल्यविशारदाने तोतरेपणासाठी जिभेच्या मुळाशी छेद देणाऱ्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती, रुग्णांचे अतोनात हाल झाले आणि ती पद्धत लवकरच मागे पडली. ठरावीक दिवसांत तोतरेपणा मुळासकट घालवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींपासूनही दूर राहा. अशा शिबिरांत खूप संथ आणि एका लयीत बोलायला शिकवतात, तेथे सर्वजण तसेच बोलत असल्यामुळे अडखळणे थांबते, आणि घरी परतल्यावर काही आठवड्यांत ते पुन्हा सुरू होते. माणूस मग पद्धतीला दोष देत नाही, स्वतःलाच देतो. हे मी इतक्यांदा पाहिले आहे की त्याबद्दल सौम्य शब्दांत लिहिणे मला जमत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. जोसेफ शीहान हे या विषयातील अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्वतः तोतरे बोलत असत. त्यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली: लोकांना ऐकू येणारे अडखळणे हा पाण्यावरचा छोटा भाग असून लाज, भीती, अपराधीपणा आणि लपवाछपवी हा मोठा भाग पाण्याखाली असतो. तुमच्या पत्रात मुलाखतींबद्दल जे लिहिले आहे त्यापेक्षा जे ओझरते आले आहे ते मला अधिक महत्त्वाचे वाटले. एसटीत कंडक्टरला गावाचे नाव सांगावे लागू नये म्हणून तुम्ही पुढच्या मोठ्या थांब्याचे तिकीट काढता. हॉटेलात मिसळ खावीशी वाटली तरी "म" अडेल म्हणून वडापाव मागवता. वर्गात उत्तर येत असूनही मान खाली घालून बसत होता. नाव विचारले की आधी खोकल्यासारखे करता, मग "म्हणजे ते माझं" असे काहीतरी पुढे जोडून नावापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करता. या प्रत्येक वेळी त्या क्षणापुरती सुटका होते, आणि सुटका झाली म्हणूनच मेंदू धडा घेतो की समोर खरोखरच मोठे संकट होते. पुढच्या वेळी तोच शब्द अधिक भीतिदायक होतो. अडखळण्यामुळे तुमचे जितके नुकसान झाले आहे, त्याहून कितीतरी अधिक ते लपवण्यामुळे झाले आहे.

स्वतःचे नावच का अडते, याचे उत्तरही यातच आहे. मिसळीऐवजी वडापाव मागता येतो, "परवा" ऐवजी "दोन दिवसांनी" म्हणता येते. नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो. त्यातच नाव विचारणारा बहुधा अनोळखी किंवा अधिकाराच्या जागी असतो, आणि स्वतःचे नाव सांगायला कुणालाही वेळ लागत नाही ही जगाची अपेक्षा डोक्यावर असते. शाळेतील हजेरीपासून ही भीती साठत आलेली असते. त्यामुळे नाव अडणे ही तुमच्या एकट्याची विचित्र अडचण नाही. तोतरे बोलणाऱ्या बहुतेक प्रौढांकडून मी हेच ऐकते.

सुरुवात मात्र नाव नीट उच्चारण्यापासून करू नका. नावावर अडकताना तोंडात काय घडते हे पाहण्यापासून करा. आरशासमोर बसा, किंवा मित्राशी बोलतानाचे स्वतःचे चित्रण त्याच्या परवानगीने फोनवर करा. "प्र" म्हणण्यासाठी ओठ मिटावे लागतात, पण हलकेच मिटावे लागतात. अडकण्याच्या क्षणी तुम्ही ते आवळून धरता, त्याच वेळी गळ्यातील स्वरयंत्रही बंद होते, श्वास छातीत कोंडतो आणि मग पूर्ण ताकदीने धक्का देऊन शब्द बाहेर काढण्याचा प्रयत्न होतो. काहींचे डोळे मिटतात, काही जण मांडीवर हात आपटतात, काहींची मान एका बाजूला झटकली जाते. या हालचाली कधीतरी योगायोगाने उपयोगी पडलेल्या असतात आणि नंतर सवय होऊन चिकटतात. जन्मजात कल आपल्या हाती नसतो. हा जोर, ही आवळाआवळ आणि या हालचाली मात्र शिकलेल्या आहेत, म्हणून त्या सोडताही येतात. पहिल्यांदा स्वतःला अडखळताना पाहणे फार अवघड जाते. बरेच जण पडदा बंद करतात. तरीही पाहा, कारण ज्याकडे पाहण्याची हिंमत होत नाही ते बदलता येत नाही.

यानंतरचे काम ऐकायला उलटे वाटेल. मुद्दाम तोतरे बोला. जो शब्द तुम्हाला सहज येतो, त्यावर ठरवून, सैलपणे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहत दोन-तीनदा अडखळा. माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणाला मी क्लिनिकजवळच्या मेडिकलमध्ये क्रेप बँडेज आणायला पाठवले आणि "ब-ब-बँडेज आहे का?" असेच विचारायचे, असे ठरवून दिले. मी दोन पावले मागे उभी होते. त्याच्या कानशिलावर घाम आला होता. त्याने ठरल्याप्रमाणे विचारले आणि दुकानदाराने बिलावरून नजर न उचलता विचारले, "चार इंची देऊ की सहा इंची?" बाहेर आल्यावर तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही." पुढच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा खरोखरच हसला. हेही घडणारच, आणि ते घडणार नाही असे मी कुणालाही सांगत नाही. मात्र त्या दिवशी तो तरुण हसणाऱ्या मुलासमोर उभा राहिला, वाक्य पूर्ण केले, हवी ती वस्तू घेतली आणि सुटे पैसे मोजून बाहेर आला. ज्या प्रसंगाची कल्पना करून त्याने अनेक वर्षे दुकानात जाणे टाळले होते, तो प्रसंग प्रत्यक्षात आला आणि निभावला गेला. आत्मविश्वास म्हणजे मला अभिप्रेत आहे तो हा. आरशासमोर उभे राहून "मी करू शकतो" असे म्हटल्याने तो येत नाही.

मुद्दाम अडखळण्याने आणखी एक गोष्ट घडते. जे लपवायचे होते ते तुम्ही स्वतःच उघड केल्यामुळे लपवण्याचा ताण उतरतो, आणि ताण उतरल्यावर खरे अडखळणेही सौम्य होऊ लागते. त्यानंतर तंत्रे शिकावीत. चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन तज्ज्ञांनी, जे स्वतः तीव्र तोतरेपणा घेऊन वाढले होते, यासाठी तीन पायऱ्या घालून दिल्या आणि आजही आम्ही त्या वापरतो. पहिल्या पायरीवर अडखळून शब्द पूर्ण झाला की तेथेच थांबायचे, ओठ-जीभ सैल करायची आणि तोच शब्द हळुवारपणे, हवे तर थोडा लांबवून पुन्हा म्हणायचा. दुसऱ्या पायरीवर शब्द संपण्याची वाट न पाहता, अडकलेले असतानाच जोर लावणे थांबवायचे, ओठांची पकड हळूहळू सोडायची आणि पुढच्या आवाजात सरकायचे. तिसऱ्या पायरीवर अडणार असे जाणवताच आधीच ओठ हलके ठेवून शब्दाला सुरुवात करायची. हा क्रम उलटा करून थेट तिसऱ्या पायरीवर जाण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण तिच्यात अडखळणे ऐकू येत नाही. पण पहिल्या दोन पायऱ्या न चढता तेथे गेलेल्या माणसाकडून ती पुन्हा लपवण्याचीच एक युक्ती म्हणून वापरली जाते. संथ, लांबवलेल्या स्वरांत आणि हळुवार सुरुवात करून बोलण्याची दुसरी पद्धतही आहे आणि काहींना ती मानवते, मात्र त्या पद्धतीत दिवसभर स्वतःच्या बोलण्यावर पहारा ठेवावा लागतो आणि अनेक जण त्याला कंटाळतात. स्वतःचा आवाज क्षणभर उशिरा कानात ऐकवणारी यंत्रे आणि ॲप काहींना उपयोगी पडतात, परंतु त्यांचा परिणाम व्यक्तीनुसार वेगळा असतो आणि पुष्कळदा काळानुसार ओसरतो.

प्रसंगांची चढती यादी करा. तुमच्या बाबतीत मी ती साधारण अशी मांडेन: रिक्षावाल्याला पत्ता सांगणे, एसटीत खऱ्या गावाचेच तिकीट मागणे, हॉटेलात मनातलाच पदार्थ मागवणे, दुकानात फोन करून एखाद्या वस्तूची चौकशी करणे, मित्रांच्या घोळक्यात पूर्ण किस्सा सांगणे, आणि त्यानंतर मुलाखत. प्रत्येक प्रसंगापूर्वी वहीत लिहा की काय होईल असे वाटते, आणि नंतर लिहा की प्रत्यक्षात काय झाले. "सगळे हसतील", "तो फोन ठेवून देईल", "मला मूर्ख समजतील" ही भाकिते काही महिन्यांनी वाचाल, तेव्हा त्यांतली किती खरी ठरली हे तुमच्याच अक्षरात समोर असेल. तोतरे बोलणाऱ्या प्रौढांमध्ये लोकांसमोर जाण्याची तीव्र चिंता इतरांपेक्षा बरीच अधिक आढळते. ती इतकी असेल की झोप उडते, घराबाहेर पडणे नकोसे होते किंवा मन सतत खिन्न राहते, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकाकडे जरूर जा. विचार आणि वर्तन यांवर एकत्रित काम करणाऱ्या उपचारपद्धतीचा या चिंतेवर चांगला उपयोग होतो आणि वाक्‌-उपचार तिच्या जोडीने चालू ठेवता येतो.

मुलाखतीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण तुमची तातडीची गरज ती आहे. खोलीत शिरून बसल्यावर पहिल्या मिनिटातच स्वतःहून सांगा: "मला बोलताना अडखळायला होते. एखाद्या शब्दाला थोडा वेळ लागेल, पण मी उत्तर पूर्ण देईन." यात "माफ करा" हा शब्द नको. स्वतःच्या तोतरेपणाची कल्पना माफी न मागता, केवळ माहिती म्हणून देणाऱ्या माणसाकडे ऐकणारे अधिक अनुकूल नजरेने पाहतात, असे संशोधनातही दिसून आले आहे. माफी मागत सांगितल्यास हा फायदा मिळत नाही. समोरच्या अधिकाऱ्यालाही यामुळे काय करायचे ते कळते. तुम्ही अचानक गप्प झालात, नजर खाली वळवली आणि चेहरा ताणला, तर त्याला वाटते की उत्तर येत नाही. नजर त्याच्याकडे ठेवून अडखळलात, तर त्याला कळते की उत्तर येते आहे. टेलिफोनवरील मुलाखतीत तर हे आधीच ईमेल किंवा संदेश पाठवून सांगावे, कारण तेथे चेहरा दिसत नाही आणि "हॅलो" वर अडकल्यास समोरचा लाइन तुटली समजून फोन ठेवतो. शक्य असल्यास व्हिडिओ कॉलची विनंती करा. तोंडी परीक्षेतही थोडा अधिक वेळ मागण्यात काही गैर नाही.

"टेल मी अबाउट युवरसेल्फ" या प्रश्नासाठी इंग्रजीत पाठ केलेला परिच्छेद ही तुमच्यासारख्या उमेदवारांची मोठी अडचण असते. पाठ केलेल्या वाक्यात पुढचा अवघड शब्द कोणता हे आधीच माहीत असते, त्यामुळे तो येण्यापूर्वीच शरीर आवळले जाते, आणि एकदा दोरी तुटली की पुढचे सारे विसरते. वाक्ये पाठ करण्याऐवजी चार-पाच मुद्दे लक्षात ठेवा आणि ते दर वेळी वेगळ्या वाक्यांत, मित्रासमोर, मोठ्याने, अडखळत सांगण्याचा सराव करा. मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते: इंग्रजीत अडखळताना त्यातले तोतरेपणामुळे किती आणि शब्द सुचत नसल्यामुळे किती? पुष्कळ जण दोन्हींचा दोष तोतरेपणाला देतात. शब्द शोधण्याचा ताण पडला की तोतरेपणा वाढतो, म्हणून इंग्रजी बोलण्याचा सराव वाढवणे हाही तुमच्या उपचाराचा एक भाग आहे. आणि एखादी मुलाखत तुमच्या बोलण्यामुळेच हुकली असे नंतर खरोखर कळले, तर तो अन्याय आहे. तो तुमच्या लायकीवरचा निर्णय समजू नका.

तुमच्या वडिलांशी मला थोडे बोलायचे आहे. "हळू बोल", "श्वास घे", "घाबरू नकोस" हे तुम्ही प्रेमापोटी म्हणता यात शंका नाही. मुलाच्या कानावर मात्र त्यातून एवढेच पडते की तो काय म्हणतो आहे याकडे कुणाचे लक्ष नाही, कसे म्हणतो आहे याकडेच सर्वांचे आहे. त्याचा शब्द तुम्ही पूर्ण करू नका, पाहुण्यांसमोर त्याच्या वतीने उत्तर देऊ नका. तो अडकला असताना नजर दुसरीकडे वळवू नका, वाक्य संपेपर्यंत थांबा आणि मग तो जे म्हणाला त्याचे उत्तर द्या. घरातील इतरांनीही एका वेळी एकानेच बोलावे, कारण मध्येच शिरकाव करून बोलणे तोतऱ्या माणसाला सर्वांत कठीण जाते.

लग्नाच्या बाबतीत तुम्ही लिहिले आहे की पाहण्याच्या कार्यक्रमात तुम्ही गप्प बसावे आणि मामांनी बोलावे असे घरात ठरते आहे. हे मान्य करू नका. स्थळ सांगून आले की मध्यस्थामार्फतच कळवा की मुलगा तोतरे बोलतो, आणि मुलीशी स्वतंत्रपणे बोलण्याची वेळ मागून घ्या. जिच्याबरोबर रोज बोलायचे आहे, तिने पहिल्याच भेटीत तुमचे खरे बोलणे ऐकलेले असावे. काही स्थळे मागे फिरतील. ज्या घरात हे लपवून लग्न झाले, तेथील ताण नंतर माझ्याकडे उपचारासाठी आलेल्या जोडप्यांमध्ये मी पाहिला आहे, आणि तो नकाराच्या दुःखापेक्षा फार मोठा असतो.

मदत घेताना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या वाक्‌-उपचारतज्ज्ञांकडेच जा आणि नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोच करू नका. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचा वाक्‌-श्रवण विभाग येथे हे उपचार मिळतात, म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था १९६५ पासून या क्षेत्रात काम करते, आणि पुण्यातही पात्र तज्ज्ञ आहेत. पहिल्या भेटीतच विचारा की प्रौढांच्या तोतरेपणावर काम करण्याचा त्यांना अनुभव आहे का, कारण या क्षेत्रातील अनेक जण प्रामुख्याने लहान मुलांबरोबर काम करतात. याखेरीज तोतरे बोलणाऱ्यांनी स्वतः चालवलेले स्वमदत गट आहेत. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन ही संस्था असे गट आणि ऑनलाइन बैठका भरवते. आयुष्यात पहिल्यांदाच एका खोलीतले सर्वजण आपल्यासारखे बोलताना ऐकणे याचा परिणाम माझ्या दहा सत्रांनी होणार नाही इतका खोल होतो, हे मी मनापासून लिहिते आहे.

शेवटचा प्रश्न मुलांचा. घरात तोतरेपणा असल्यास मुलांमध्ये तो येण्याची शक्यता इतर घरांपेक्षा अधिक असते, पण तो येईलच असे नाही, आणि आला तरी बहुसंख्य मुलांमध्ये तो टिकत नाही. या भीतीने लग्न किंवा मूल नाकारण्याचे काहीही कारण नाही. मूल अडखळू लागले तर "मोठे झाल्यावर जाईल" म्हणून वर्षानुवर्षे थांबू नका. एरवी सहा महिने टिकलेल्या अडखळण्यासाठी तज्ज्ञांकडे जावे असे सांगितले जाते. तुमच्यासारखा कौटुंबिक इतिहास असल्यास, किंवा मूल बोलताना जोर लावू लागले, तोंड ताणू लागले, बोलणे अर्धवट सोडू लागले, तर त्याही आधी जा. सहा वर्षांखालील मुलांसाठी सिडनी येथे विकसित झालेली लिडकोम्ब नावाची पद्धत आहे, तिच्यात तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली आईवडीलच रोज घरी थोडा वेळ मुलाबरोबर काम करतात आणि तिचे परिणाम चांगले आहेत. आणि त्या मुलासमोर तुम्ही स्वतः अडखळत, न लपवता, फोनवर बोलत राहा, पाहुण्यांशी बोलत राहा, एसटीत तुमच्या गावाचेच तिकीट मागा.